घास सोडताना येणारी कळ: दाढेचा तडा कसा पकडायचा आणि मग काय करायचं

घास चावताना फारसं काही होत नाही. दात दाबले जातात, घास फुटतो, जबडा सैल पडतो आणि नेमकी त्याच क्षणी सुई खुपसावी तशी कळ उठते. दोन सेकंदांत ती जाते. पुढचे दहा घास काही नाही, अकराव्याला पुन्हा तेच. थंड पाणी त्या बाजूला गेलं की झिणझिण्या येतात. डेंटिस्टकडे जावं तर कीड नाही, हिरडी चांगली, एक्स-रे स्वच्छ. ‘काही दिसत नाहीये, थोडे दिवस बघू’ हे ऐकून घरी यायचं आणि महिन्याभराने पुन्हा त्याच खुर्चीत जाऊन बसायचं.

माझी खालची उजवी दाढ सात महिने अशी दुखत होती. तेवढ्या काळात दोन ठिकाणी दाखवलं, तीन एक्स-रे काढले, दात साफ करून घेतले, सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट वापरली. एकदा तर वरच्या दाढेतलं चांगलं फिलिंग काढून नवं भरलं, कारण दुखणं वरच आहे असं मला ठाम वाटत होतं. तिसऱ्या ठिकाणी खालच्या दाढेतलं जुनं फिलिंग उकरलं आणि खड्ड्याच्या तळाशी केसाएवढी काळी रेघ दिसली. आरशात ती पाहिली तेव्हा आधी हायसं वाटलं, मग राग आला. पहिल्या दिवसापासून मी तीच लक्षणं सांगत होते. मी डॉक्टर नाही आणि हे वाचून कुणी स्वतःचं निदान करू नये. पण काय सांगायचं आणि काय विचारायचं हे मला आधी कळलं असतं तर ते सात महिने वाचले असते, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

सोडतानाच का दुखतं

दाताचं बाहेरचं कवच इनॅमलचं असतं. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज, शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, आणि म्हणूनच ठिसूळ. त्याच्या आत डेंटीन. ते थोडं लवचीक असतं आणि त्यातून आतल्या नसेपर्यंत असंख्य सूक्ष्म नळ्या गेलेल्या असतात. या नळ्यांमध्ये द्रव असतो. (नस म्हणजे एक शीर नव्हे; रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि मऊ पेशी यांचा तो सगळा गाभा. बोलताना सगळे नसच म्हणतात, मीही तेच म्हणते.)

तडा इनॅमल ओलांडून डेंटीनमध्ये उतरला की चावताना दाढेचे दोन भाग किंचित फाकतात. डोळ्यांना ते दिसणार नाही. दाब सुटला की ते झटकन मिटतात आणि नळ्यांमधला द्रव जोरात हलतो. नसेच्या कडेचे वेगवान मज्जातंतू ती हालचाल टिपतात. त्यामुळे कळ तीक्ष्ण असते आणि क्षणात जाते.

रात्री झोपेतून उठवणारा ठणका, किंवा गरम काही प्यायल्यावर मिनिटभर रेंगाळणारं दुखणं, हे याहून वेगळं. ते नस सुजल्याचं लक्षण आहे, आणि सूज या टप्प्याला आली की ती बहुधा उतरत नाही. या दोन दुखण्यांतला फरक लक्षात ठेवा, कारण उपचार त्यावरच ठरतो.

‘क्रॅक्ड टूथ सिंड्रोम’ हे नाव या तक्रारीला १९६४ साली कॅमेरॉन यांनी दिलं. म्हणजे दुखणं नवं नाही आणि अनोळखीही नाही. तरी ते हुकतं. एक कारण असं की, कोणता दात दुखतोय हे दुखणाऱ्यालाच सांगता येत नाही. दाताची नस दुखणं कळवते, जागा कळवत नाही. जागा कळते ती दाताला हाडात धरून ठेवणाऱ्या तंतूंमुळे, आणि तडा मुळापर्यंत गेला नसेल तर ते तंतू गप्प असतात. उजवी बाजू की डावी एवढं कळतं. वरची दाढ की खालची हे कळेलच असं नाही. कान दुखतो, कानशील दुखतं. माझ्या वरच्या दाढेचं फिलिंग विनाकारण बदललं गेलं ते यामुळेच.

शोध घ्यायचा तर खालच्या दाढांपासून सुरुवात केलेली बरी, कारण तडे तिथे जास्त जातात. वरच्या दाढा आणि उपदाढा (दाढांच्या पुढचे दोन लहान दात) त्यानंतर. मोठं, जुनं फिलिंग असलेल्या दाढेवर पहिला संशय घ्यावा. १९८९ साली प्रयोगशाळेत उपदाढांवर मोजमाप झालं होतं: फक्त माथ्यावर खड्डा केला तर उपदाढेचा ताठरपणा सुमारे २० टक्क्यांनी घटतो, पण पुढची आणि मागची कडा कापून आरपार खड्डा केला की ६३ टक्क्यांनी. निव्वळ रूट कॅनालसाठी पाडलेल्या भोकाने घट होते ती जेमतेम ५ टक्के. दाढेला बांधून ठेवतात त्या कडा. त्या गेल्या की उरलेली टोकं, म्हणजे माथ्यावरचे उंचवटे, प्रत्येक घासाला बाहेरच्या बाजूला वाकत राहतात. अर्थात एकही फिलिंग नसलेल्या दाढेलाही तडा जातो. तिथे बहुतेक वेळा दात आवळण्याची सवय सापडते.

घरी काय बघता येईल

चार दिवस एका कागदावर लिहून ठेवा. कळ दाबताना येते की सोडताना? थंडाने दुखतं तर किती सेकंद? गरमाने दुखतं का? रात्री जाग येते का? मी हे लिहून नेलं तेव्हा पहिल्यांदा माझं बोलणं कुणी पूर्ण ऐकून घेतलं.

ओल्या कापसाचा लहान बोळा एकेका दाढेवर ठेवून हळू दाबायचा आणि पटकन सोडायचा, एवढी चाचणी घरी करता येते. एकदाच करा. खात्री करायची म्हणून कठीण वस्तू चावून बघू नका, त्याने तडा पुढे सरकतो. आरशात टॉर्च मारून पाहिलं तर पुढच्या दातांवर उभ्या बारीक रेघा दिसतील. त्या बहुतेक प्रौढांच्या दातांवर असतात, इनॅमलपुरत्याच असतात आणि त्यांनी काही होत नाही.

तडा नसेल तर काय असू शकतं हेही डोक्यात ठेवा. नवं फिलिंग झाल्यावर आठवड्याभरात दुखणं सुरू झालं असेल आणि कळ दाबताना येत असेल, तर फिलिंग उंच राहिलं असेल. ते पाच मिनिटांत घासून देतात. बऱ्याच दातांना थंड लागतं पण चावताना काही होत नाही, तर हिरडी खाली सरकून मुळं उघडी पडली असतील. वरच्या तीन-चार दाढा एकदम दुखतात, वाकल्यावर जास्त, आणि नाक चोंदलेलं आहे, तर सायनस. चेहऱ्याला नुसता स्पर्श झाला किंवा वारा लागला तरी विजेसारखा झटका येत असेल तर ते चेहऱ्याच्या मज्जातंतूचं दुखणं असू शकतं. आणि चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखतो, छाती भरून येते, घाम फुटतो, असं असेल तर डेंटिस्टची वेळ घेत बसू नका. ते हृदयाचं असू शकतं, थेट हॉस्पिटल गाठा.

एक्स-रे स्वच्छ कसा येतो

पुस्तक बंद करून मुखपृष्ठ समोर धरा. पानांमध्ये कागद घातलेला असेल तरी दिसणार नाही. वरच्या कडेकडून बघा, लगेच दिसेल. दाढेचं तसंच आहे. तडा बहुधा पुढून मागे जातो, आणि एक्स-रे काढतात गालाकडून जिभेकडे, म्हणजे मुखपृष्ठासमोरून. थ्री-डी स्कॅन, ज्याला सीबीसीटी म्हणतात, त्यातही बारीक तडा सहसा हुकतो. शिवाय धातूच्या फिलिंगमुळे चित्रावर पट्टे उमटतात. तडा खोल जाऊन भोवतालचं हाड झिजलं असेल तर तेवढं मात्र स्कॅनमध्ये कळतं.

तेव्हा स्वच्छ एक्स-रे म्हणजे मोठी कीड नाही आणि हाड झिजलेलं नाही, इतकंच. तडा नाही असा त्याचा अर्थ होत नाही. हे मला पहिल्याच भेटीत कुणी सांगायला हवं होतं.

खुर्चीत बसल्यावर कोणत्या चाचण्या मागायच्या

बाइट टेस्ट सगळ्यात आधी. प्लास्टिकची छोटी पट्टी असते, तिच्या टोकाला बारीक खोलगट जागा. ती दाढेच्या एकेका टोकावर ठेवून चावायला सांगतात. माझ्या दाढेच्या तीन टोकांवर काही झालं नाही. चौथं टोक मागचं, जिभेकडचं. ‘दाबा.’ काही नाही. ‘आता पटकन सोडा.’ माझे हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळले गेले आणि डोळ्यांत पाणी आलं. सात महिने न सापडलेली जागा दोन मिनिटांत सापडली.

मग खोलीतला दिवा बंद करून दाढेच्या एका बाजूला बारीक, प्रखर दिवा टेकवतात. शाबूत दाढ आरपार उजळते, आतून मंद पिवळसर. तडा असेल तर उजेड त्याच्यापर्यंत येऊन थांबतो. अलीकडचा भाग उजळलेला आणि पलीकडचा काळा. निरुपद्रवी रेघ आणि खरा तडा यांत फरक इथेच कळतो, कारण वरवरच्या रेघेतून उजेड पुढे जातो. माझ्या दाढेचा मागचा तिसरा हिस्सा विझल्यासारखा दिसत होता.

तिसरी गोष्ट म्हणजे हिरडीची खोली. खुणा केलेली बोथट सळई दातालगत फिरवतात. निरोगी हिरडीत ती १ ते ३ मिलिमीटर जाते. सगळीकडे २ आणि एकाच अरुंद जागी ७ किंवा ८ असं आलं, तर तडा हिरडीखाली मुळावर उतरल्याचा संशय येतो आणि दाढ वाचण्याची शक्यता बरीच खाली येते. हा आकडा विचारून घ्या. तो तुमच्या दाढेचा आहे, विचारण्यात संकोच कसला?

थंडाची चाचणी नसेची हालत सांगते. निळा रंग लावून तडा उठावदार करता येतो. आणि जुनं फिलिंग असेल तर ते काढून भिंगातून किंवा मायक्रोस्कोपखाली बघणं हा खात्रीचा मार्ग. चांगलं दिसणारं फिलिंग काढायला जीवावर येतं हे खरं, पण वरचं सगळं जुळत असेल तर मी हो म्हणेन.

तरी शंका राहिली तर दाढेभोवती स्टीलची कडी बसवतात, किंवा तात्पुरती कॅप. पिंपाला पट्टी ठोकावी तसं ते. भाग फाकायचे थांबले आणि कळ गेली, तर निदानही पक्कं झालं आणि कॅपचा उपयोग होईल हेही कळलं. माझ्या दाढेवर कडी तीन आठवडे होती. दुसऱ्या दिवशीच मी त्या बाजूने चावू शकले.

उपचार तड्याच्या खोलीवर ठरतो

अमेरिकन असोसिएशन ऑफ एंडोडॉन्टिस्ट्स ही रूट कॅनाल तज्ज्ञांची संघटना तड्यांचे पाच प्रकार मानते. पहिला, इनॅमलवरच्या रेघा; त्यांना काही करायचं नसतं. दुसरा, दाढेचं एखादं टोक मोडणं. कट् आवाज येतो, तुकडा हातात येतो आणि माणूस घाबरतो. पण यात बरेचदा दुखणं उलट कमी होतं, कारण हलणारा भागच गेलेला असतो. फिलिंग, ओनले (पूर्ण कॅपऐवजी फक्त माथ्यावर बसवायचं झाकण) किंवा कॅप यांपैकी काहीतरी करून दाढ बहुतेक वेळा वाचते.

तिसरा प्रकार आपला. तडा माथ्यापासून सुरू होऊन खाली चाललाय, पण दाढ अजून एक आहे. इथे एक गोष्ट स्पष्ट असू द्या: तडा भरून येत नाही. मोडलेलं हाड जुळतं, कारण हाडात जिवंत पेशी असतात. तयार झालेल्या इनॅमलमध्ये त्या उरलेल्याच नसतात. म्हणून वरून नुसतं फिलिंग भरून भागत नाही. टोकं झाकून दाढेला चहूबाजूंनी कवेत घेणारं काहीतरी हवं, म्हणजे कॅप किंवा टोकं झाकणारा ओनले. नस अजून शांत असेल, म्हणजे थंडाची कळ लगेच जात असेल आणि रात्री दुखत नसेल, तर रूट कॅनालची गरज नसते.

पण याला एक जोड आहे आणि ती आधीच सांगितली गेली पाहिजे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा १२७ रुग्णांच्या तडकलेल्या दाढांवर कॅप बसवल्या होत्या. त्यांतल्या पाचांपैकी सुमारे एकीला सहा महिन्यांच्या आत रूट कॅनाल करावं लागलं. तुमच्यावर ती वेळ आली तर कुणी चुकलं असा अर्थ लगेच काढू नका. कॅप बसण्याआधीच तड्यातून जंतू आत गेलेले असू शकतात.

नस आधीच गेलेली असेल तर रूट कॅनाल आधी, कॅप नंतर. रूट कॅनाल करताना आतला तळ बघतात. तडा तळ ओलांडून आरपार गेला असेल तर दाढ काढण्याचा सल्ला मिळतो, आणि तो ऐकावा. इथे फार जण एक चूक करतात. रूट कॅनालने ठणका थांबतो, बरं वाटतं आणि कॅप पुढे ढकलली जाते. दाढ पोखरलेली, तडकलेली आणि तिच्यावर झाकण नाही! एका कठीण घासाला तिचे दोन तुकडे होतात. रूट कॅनाल सुरू करतानाच कॅपची तारीख ठरवून घ्या.

दोन तुकडे वेगवेगळे हलायला लागले की तो चौथा प्रकार, आणि तिथे दाढ जवळजवळ नेहमी काढावीच लागते. पाचवा मुळाकडून सुरू होतो, बहुधा जुनं रूट कॅनाल झालेल्या दातात. दुखतं थोडंसंच, हिरडीवर पुळी येते, जाते, पुन्हा येते. एकच मूळ असेल तर दात काढतात. दोन-तीन मुळांच्या दाढेत कधी कधी तडकलेलं मूळ तेवढं काढून बाकीची दाढ ठेवता येते.

कॅपनंतरही दुखतंय

पहिले काही दिवस थंड लागणं चालतं. चावताना तीच दाढ आधी टेकते असं वाटलं तर लगेच जाऊन घासून घ्या, सवय होईल म्हणून थांबू नका. थंडाची कळ दिवसेंदिवस लांबत चालली किंवा रात्री ठणका सुरू झाला तर नस मरत चालली आहे. कॅपमधूनच भोक पाडून रूट कॅनाल करतात. रूट कॅनाल होऊनही दाबल्यावर दुखत असेल तर मुळातली एखादी नळी साफ करायची राहून गेली आहे किंवा मुळाला तडा आहे, हे दोन्ही तपासायला सांगा.

कॅप नीट बसली तरी तडा जाण्याचं कारण तसंच असतं, आणि माझ्या बाबतीत ते दात आवळणं होतं. २०२१ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनने दंतवैद्यांची पाहणी केली, त्यात ७० टक्क्यांहून अधिक जणांनी महासाथीच्या काळात दात खाणारे आणि आवळणारे रुग्ण वाढल्याचं सांगितलं. म्हणजे ताणाचा भार दाढांवरही येतो. सकाळी जबडा जड वाटणं, कानशिलं दुखणं, जिभेच्या कडेला दातांच्या खुणा, सुळ्यांची टोकं सपाट झालेली, यांतलं काही दिसतंय का बघा. एरवी वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकलेले नसायला हवेत. ओठ मिटलेले, दात सुटे. मी स्क्रीनच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका चिकटवला आहे. नजर पडली की जबडा सोडायचा. पहिल्या आठवड्यात दर वेळी दात आवळलेलेच सापडायचे. झोपेसाठी मापाने बनवलेला कडक नाइट गार्ड वापरते. सोबत जोरात घोरणं आणि दिवसा पेंग असेल तर झोपेत श्वास अडकतो का, हेही डॉक्टरांना विचारा. बर्फ चावणं, दातांनी झाकणं उघडणं, पेन चघळणं बंद.

वेळ मिळेपर्यंत

दुसऱ्या बाजूने चावा, मऊ आणि कोमट खा. चालत असेल तर आयब्युप्रोफेन घेता येतं; अल्सर, किडनीचा त्रास, गरोदरपण किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर धरू नका, हिरडी भाजते. मोडलेला तुकडा घरच्या गोंदाने चिकटवू नका. तो ओला ठेवून सोबत न्या. निव्वळ तड्याच्या कळेवर अँटिबायोटिकचा उपयोग नाही, म्हणून आधीच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका. चेहऱ्यावर सूज आणि ताप असेल तर त्याच दिवशी दाखवा. सूज मानेकडे किंवा डोळ्याकडे पसरत असेल, तोंड उघडत नसेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर रात्र असली तरी इमर्जन्सीत जा.

वेळ मागताना फोनवर ‘दाढ दुखते’ एवढंच सांगू नका. मी शेवटी असं सांगितलं होतं: ‘उजवीकडे, चावताना नाही, सोडताना कळ येते, थंडाने चार-पाच सेकंद, रात्री दुखत नाही, खालच्या दाढेत जुनं मोठं फिलिंग आहे, एक्स-रेत काही आलेलं नाही. बाइट टेस्ट करून बघाल का?’ पलीकडून विचारलं, ‘उद्या सकाळी येता येईल?’